माळेगावची दंगल, नांदेडची हॉकी, लातूरच्या कुस्त्या: यात्रेतले खेळ उभे करणारे स्वयंसेवक नेमकं काय करतात?

कुस्ती रंगात आली की पुढच्या रांगेतला एखादा उभा राहतो. त्याच्यामुळे मागच्याला दिसत नाही, म्हणून तोही उठतो. मिनिटभरात ती अख्खी बाजू उभी असते आणि आखाड्याच्या दिशेने एक पाऊल पुढे सरकलेली असते. अशा वेळी दोरीच्या आत उभा असलेला एक पोरगा ओरडतो, "ओ मामा, बसा की खाली!" त्याच्या छातीवर बिल्ला असतो, हातात फार तर शिट्टी. त्याला या कामाचे पैसे मिळत नाहीत. कुस्तीही धड बघायला मिळत नाही, कारण त्याची पाठ आखाड्याकडे आणि तोंड गर्दीकडे असतं.

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत डिसेंबर ते मार्च हा यात्रा-जत्रांचा आणि त्यासोबत येणाऱ्या खेळांचा हंगाम. या खेळांमधले विजेते बातमीत येतात. मैदान तयार करणारे, जेवण वाढणारे, गर्दी सांभाळणारे मात्र सहसा येत नाहीत. हे स्वयंसेवक कोण असतात, त्यांचं काम कसं चालतं आणि ते नीट नेमलेलं नसेल तर काय होऊ शकतं, हे समजून घेऊ.

हंगाम कसा असतो?

या भागात मार्गशीर्ष अमावस्येला येळवस, म्हणजेच वेळा अमावस्या साजरी होते. लातूर, नांदेड, धाराशिवकडची माणसं त्या दिवशी शेतात जाऊन पूजा करतात, आंबील आणि भज्जीचं जेवण करतात. या अमावस्येच्या तोंडावरच माळेगावची यात्रा सुरू होते.

माळेगाव हे नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यातलं, नांदेड-लातूर रस्त्यावरचं गाव. इथल्या खंडोबाच्या यात्रेला महाराष्ट्रासह शेजारच्या कर्नाटक आणि तेलंगणातूनही लोक येतात. यात्रेचं आयोजन नांदेड जिल्हा परिषद आणि लोहा पंचायत समिती करतात. देवस्वारी, घोड्यांचा बाजार, पशुप्रदर्शन, लावणी महोत्सव, लोककला महोत्सव आणि या सगळ्यांत कुस्त्यांची दंगल. या भागात दंगल म्हटलं की आधी कुस्तीच आठवते, मारामारी नंतर.

साधारण आठवडाभराने, पौष शुद्ध सप्तमीला गुरू गोविंदसिंगजींची जयंती येते. २०२४-२५च्या हंगामात येळवस ३० डिसेंबरला होती आणि जयंती ६ जानेवारीला. या जयंतीच्या सुमारास नांदेडमध्ये गुरू गोविंदसिंगजी यांच्या नावाची अखिल भारतीय गोल्ड आणि सिल्व्हर कप हॉकी स्पर्धा भरते. खालसा हायस्कूलच्या मैदानावर देशभरातले संघ खेळायला येतात.

१५ जानेवारीला ऑलिंपिकवीर खाशाबा जाधव यांची जयंती असते. हा दिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. त्यानंतर महाशिवरात्रीला लातूरच्या सिद्धेश्वर-रत्नेश्वर देवस्थानाची यात्रा भरते आणि तिथेही कुस्त्या होतात. पुढे होळीच्या वेळी नांदेडमध्ये होला मोहल्ला असतो. तो स्पर्धा नसली तरी शस्त्रविद्येच्या आणि घोडेस्वारीच्या सरावातून आलेला उत्सव आहे.

म्हणजे तीन-चार महिने या दोन जिल्ह्यांत एकामागून एक मैदानं भरतात. अनेकदा एका यात्रेत राबलेली मुलं पुढच्या गावच्या यात्रेतही दिसतात.

ही पद्धत आली कुठून?

खेळाडूचा खर्च गावाने उचलायचा आणि त्याचा विजयही गावाने साजरा करायचा, ही महाराष्ट्रातली जुनी रीत आहे. तिचं सगळ्यात ठळक उदाहरण खाशाबा जाधव यांचं. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला त्यांच्याकडे पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७ हजार रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ते परतले तेव्हा कराडपासून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे त्यांनी कुस्त्यांचे फड भरवून पैसे उभे केले आणि प्राचार्यांचं घर सोडवलं.

त्या बैलगाड्या कोणा कंपनीने भाड्याने आणलेल्या नव्हत्या. ज्याच्याकडे गाडी होती, त्याने ती जुंपली. आजच्या भाषेत सांगायचं तर एका जागतिक क्रीडा स्पर्धेनंतरचा तो संपूर्ण सोहळा स्वयंसेवकांनी पार पाडला.

लातूरलाही असा मान मिळालेला आहे. १९६९ची महाराष्ट्र केसरी स्पर्धा लातूरला झाली आणि ती जिंकली निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदार यांनी. जिल्ह्याचा पैलवान, जिल्ह्याचंच मैदान. पुढे बिराजदार पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद झाले. आंतरराष्ट्रीय मल्ल आणि प्रशिक्षक काका पवार हेही लातूर जिल्ह्यातलेच. यात्रेतल्या कुस्त्या बघत वाढलेली पोरं पुढे मोठ्या तालमीत जातात, हा इथला नेहमीचा रस्ता आहे. म्हणून गावाला आपला फड चांगला व्हावा असं वाटतं.

कुस्तीच्या फडात कोण काय करतं?

प्रेक्षकांना फड एका दिवसाचा दिसतो. त्याची तयारी कितीतरी दिवस आधी सुरू होते आणि काम साधारण अशा पद्धतीने वाटलेलं असतं.

*मातीवाले.* मराठवाड्यातली काळी माती सुकली की टणक होते. तिच्यावर पैलवान आपटला तर हाड मोडायचं. म्हणून तांबडी माती आणतात, चाळतात, खडे आणि काचा वेचतात. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर मिसळून ती मऊ करतात. वेचताना राहिलेला एक खडा एखाद्या पैलवानाचा हंगाम संपवू शकतो, त्यामुळे हे काम जाणत्यांकडे असतं.

*जोड लावणारे.* कोणाशी कोण लढणार हे ठरवणं म्हणजे जोड लावणं. वजन, वय, तालीम आणि आधीच्या कुस्त्या बघून हे ठरतं. इथे चूक झाली तर कुस्ती एकतर्फी होते, नाहीतर कोणीतरी जखमी होतं. बहुतेक ठिकाणी गावातले जुने मल्ल हे काम बघतात.

*पंच.* मातीतल्या कुस्तीत समोरच्याची पाठ मातीला लागली की चितपट. पण दोन्ही खांदे टेकले की नाही यावरून वाद होतात. त्यामुळे पंच दोन्ही बाजूंना मान्य असलेला माणूस असावा लागतो. निकाल पटला नाही म्हणून पंचाच्या अंगावर जाणारे असतात. त्यांना आवरणं हेही स्वयंसेवकांच्या वाट्याला येतं.

*नोंद आणि इनाम.* लहान मुलांच्या कुस्त्या रेवड्यांवर किंवा नारळावर लागतात. मग रक्कम वाढत जाते आणि शेवटी मानाची कुस्ती होते. प्रत्येक जोडीचं नाव, गाव, निकाल आणि दिलेलं इनाम वहीत लिहिणारा एक माणूस लागतो. लांबून एसटीने आलेल्या पैलवानाला रात्री परतायचं असतं. त्याचं इनाम अडकलं तर पुढच्या वर्षी तो येत नाही.

*दोरीवाले.* आखाड्याभोवती बसलेल्या लोकांना बसलेलंच ठेवणारी ही पोरं. सुरुवातीला ज्याचा उल्लेख आला तो यांच्यातलाच. सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम यांचं आहे.

याशिवाय पाणी देणारे, पैलवानांच्या कपड्यांवर आणि मोबाइलवर लक्ष ठेवणारे, गाड्या लावून घेणारे असतातच. अलीकडे त्यात आणखी एका कामाची भर पडली आहे. २०२३मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि यात्रांमध्येही मुलींच्या कुस्त्या लागू लागल्या. मुलींना कपडे बदलायला आडोशाची खोली, स्वच्छतागृह आणि सोबतीला महिला स्वयंसेवक हवी. मुलगी कुस्ती खेळायला पुन्हा येईल की नाही, हे पुष्कळदा या तीन गोष्टींवर ठरतं.

हॉकीच्या मैदानावर काम वेगळं का असतं?

कुस्तीत धोका गर्दी आत येण्याचा असतो. हॉकीत धोका चेंडू बाहेर जाण्याचाही असतो. हॉकीचा चेंडू कडक असतो, वजन साधारण १५६ ते १६३ ग्रॅम. जोरात मारलेला असा चेंडू डोक्याला लागला तर गंभीर इजा होते. म्हणून गोलपोस्टच्या मागे कोणाला उभं राहू न देणं हे मैदानावरच्या स्वयंसेवकाचं पहिलं काम. चुन्याच्या रेषा आखणं, चेंडू परत देणं, संघांना वेळेवर मैदानात आणणं ही कामं त्यानंतर येतात.

नांदेडमध्ये मोठा आधार मिळतो तो सेवेच्या परंपरेचा. १७०८मध्ये गुरू गोविंदसिंगजींनी याच गावी देह ठेवला. तख्त सचखंड श्री हजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. इथे येणाऱ्या प्रत्येकाला लंगरमध्ये जेवण मिळतं आणि लंगर चालतो सेवेकऱ्यांच्या हातांवर. भाजी चिरणं, पोळ्या लाटणं, वाढणं, भांडी घासणं, चपला-जोडे सांभाळणं, यातलं कोणतंच काम हलकं मानलं जात नाही. डोकं झाकून आणि हात धुऊन कोणत्याही धर्माचा माणूस सेवेला बसू शकतो.

या व्यवस्थेत शिकण्यासारखी एक गोष्ट आहे. लंगरमध्ये सेवेला आलेल्या माणसाला लगेच काम मिळतं. पोळ्यांच्या ओळीत जागा रिकामी असेल तर तिथे, नसेल तर भांड्यांकडे. बिल्ला लावून नुसता उभा राहिलेला सेवेकरी तिथे सहसा दिसत नाही. यात्रेतल्या फडात मात्र नेमकं हेच दिसतं. पन्नास जणांना बिल्ले वाटले जातात आणि त्यातले चाळीस आखाड्याच्या आत खुर्च्यांजवळ उभे राहून कुस्ती बघतात. त्यांना आत जायचा मान मिळालेला असतो, काम दिलेलं नसतं. अशा वेळी स्वयंसेवकांमुळे गर्दी कमी होत नाही, वाढते.

गर्दी धोकादायक कधी होते?

हा प्रश्न नुसता शिस्तीचा नाही, हे ४ जून २०२५ रोजी बंगळूरमध्ये दिसलं. आदल्या रात्री रॉयल चॅलेंजर्स बंगळूरने पहिल्यांदा आयपीएल जिंकली होती. दुसऱ्या दिवशी जल्लोषासाठी चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर लाखोंची गर्दी लोटली. स्टेडियमची क्षमता सुमारे ३५ हजार. प्रवेशद्वारांजवळच्या चेंगराचेंगरीत ११ जणांचा जीव गेला.

महाराष्ट्राला याचा अनुभव आधीच आहे. २५ जानेवारी २००५ला सातारा जिल्ह्यातल्या मांढरदेवी इथे काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन जवळपास ३०० भाविक मरण पावले. नारळाच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या आणि वाट अरुंद होती.

अशा घटनांमध्ये बहुतेक मृत्यू पायाखाली तुडवल्याने होत नाहीत. चारही बाजूंनी दाब आल्यावर छाती फुगायला जागा उरत नाही आणि श्वास कोंडतो. एका चौरस मीटरमध्ये दोन-तीन माणसं असतील तर ती स्वतःच्या मर्जीने हलू शकतात. हा आकडा पाचच्या पुढे गेला की माणूस स्वतः चालत नाही, गर्दी त्याला ढकलत नेते. मागच्यांना पुढे काय चाललंय ते दिसत नाही आणि पुढच्यांचा आवाज मागे पोहोचत नाही.

पुढचा आवाज मागे पोहोचवणं, हेच स्वयंसेवकाचं खरं काम. त्यासाठी काही साध्या गोष्टी लागतात:

- आत येण्याचा आणि बाहेर जाण्याचा रस्ता वेगळा हवा. बाहेरचा रस्ता बक्षीस समारंभ संपेपर्यंत मोकळा ठेवायचा.
- जागा भरली की प्रवेश लांबूनच थांबवायचा. दारापाशी थांबवलं तर दारातच दाब वाढतो.
- प्रत्येक दारावरच्या माणसाकडे निवेदकाशी बोलायची सोय हवी. "पूर्वेच्या बाजूने कोणी येऊ नका" हे माइकवरून एकदा सांगितलं तर दहा जणांनी ढकलण्यापेक्षा जास्त उपयोग होतो.
- शेवटची मानाची कुस्ती संपताच विजेत्याला खांद्यावर घ्यायला लोक आत धावतात. तो क्षण येणार हे आधीच माहीत असतं. त्यामुळे तेव्हा दोरीवर दुप्पट माणसं हवीत.
- रुग्णवाहिकेचा रस्ता गाड्या लावण्यासाठी द्यायचा नाही, मग गाडी कोणाचीही असो.

पैशांचं काय?

फड वर्गणीवर उभा राहतो आणि वर्गणी गोळा करणं हीसुद्धा स्वयंसेवाच आहे. गावातला विश्वास टिकतो किंवा तुटतो तोही इथेच. नोंदणीकृत न्यास नसलेल्या मंडळाला धार्मिक किंवा धर्मादाय कारणासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे असतील, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधल्या कलम ४१-क नुसार धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळांना ही प्रक्रिया ओळखीची आहे. यात्रा समित्यांनीही ती आधीच विचारून घेतलेली बरी.

बाकी नियम व्यवहारातले. प्रत्येक रकमेची पावती द्यायची. ऑनलाइन आलेले पैसे एका माणसाच्या खासगी खात्यात न घेता समितीच्या खात्यात घ्यायचे. यात्रा संपल्यावर जमा-खर्चाचा कागद मंदिराच्या किंवा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायचा. हिशेब दिसला की पुढच्या वर्षी वर्गणी मागायला लाज वाटत नाही.

स्वयंसेवक व्हायचं असेल तर?

*कुठे विचारायचं?* गावच्या यात्रेसाठी यात्रा समिती किंवा ग्रामपंचायत, माळेगावसारख्या यात्रेसाठी पंचायत समिती, शहरातल्या स्पर्धेसाठी आयोजक मंडळ किंवा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय. कॉलेजच्या मुलांसाठी राष्ट्रीय सेवा योजना हा सोपा मार्ग आहे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चारही जिल्ह्यांतली महाविद्यालयं येतात. योजनेत दोन वर्षांत २४० तास सेवा करावी लागते. यात्रेतलं काम त्यात धरलं जाईल का, हे आपल्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना आधी विचारावं.

*आधी काय विचारून घ्यायचं?* माझी जागा कोणती, वेळ किती ते किती, माझ्या वर कोण, माझ्यानंतर त्या जागी कोण येणार आणि जेवण कधी. या पाच प्रश्नांची उत्तरं मिळाली नाहीत तर समजावं की बिल्ला मिळाला आहे, काम नाही.

*काय करता येतं आणि काय नाही?* स्वयंसेवक विनंती करू शकतो, रस्ता दाखवू शकतो, माहिती देऊ शकतो. कोणाला मारण्याचा किंवा कोणाची झडती घेण्याचा अधिकार त्याला नाही. ते काम पोलिसांचं. बंदोबस्तात दिसणारे होमगार्ड वेगळे. ते शासनाने नेमलेले, प्रशिक्षण घेतलेले असतात आणि त्यांना कर्तव्य भत्ता मिळतो.

*कोणी जखमी झालं तर?* मानेला किंवा पाठीला मार बसलेल्या पैलवानाला चार जणांनी उचलून बाहेर नेणं ही नेहमीची चूक. मणक्याला इजा असेल तर अशा उचलण्याने ती कायमची होऊ शकते. त्याला आहे तसाच राहू द्यावं, मान हलू देऊ नये आणि १०८ला फोन करावा. पोलिसांच्या आणि इतर तातडीच्या मदतीसाठी ११२ आहे.

*मूल हरवलेलं सापडलं तर?* त्याला निवेदन कक्षात किंवा पोलीस चौकीत न्यावं. माइकवरून मुलाचं नाव आणि कपडे सांगू नयेत, कारण ते ऐकून कोणीही दावा करू शकतं. "ज्यांचं मूल हरवलंय त्यांनी इथे यावं" एवढंच सांगावं, मग आलेल्याने मुलाचं वर्णन करावं. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे.

फड उठल्यावर

मानाची कुस्ती संपते, हलगी थांबते, फेटे बांधून होतात. लोक आपापल्या गाड्यांकडे वळतात. त्यानंतर मैदानावर उरतात ते पाण्याचे ग्लास, तुटलेल्या चपला, फाटलेली हँडबिलं आणि दहा-बारा माणसं. ती दोऱ्या सोडवतात, खुर्च्या मोजतात, तांबडी माती गोळा करून झाकून ठेवतात. चांगली माती पुन्हा वापरता येते.

यात्रा समितीला पुढच्या वर्षी काम कोणाला द्यायचं हे ठरवायचं असेल तर तिने याच वेळी मैदानावर यावं. मानाच्या कुस्तीला आत उभे असलेले सगळे दिसतात, पण पुढच्या वर्षीचे खरे स्वयंसेवक सापडतात ते खुर्च्या मोजताना.